भारत सरकार, निर्वासित आणि मदतीचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहिंग्यांची, सीएएची (नागरिकत्व सुधारणा कायद्याची) किंवा अफगाणिस्तानची बातमी आली की ओळखीतल्या लोकांकडून तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून काढतोय. माझं मत लपवत नाही, ते आधीच सांगतो: भारताने निर्वासितांना आसरा बऱ्याचदा मोठ्या मनाने दिलाय, पण कायद्याने कधीच दिलेला नाही, आणि त्यामुळे माणूस कुठल्या देशातून आला, कुठल्या साली आला आणि कुठल्या राज्यात उतरला यावर त्याचं अख्खं आयुष्य ठरतं.

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. आजवर कधीच नव्हता. आधी १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट, असे इंग्रजांच्या काळातले कायदे चालायचे. ते सगळे गुंडाळून २०२५ मध्ये नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट आणला, तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पण जुन्यात जे नव्हतं ते नव्यातही नाहीच. कायद्याला दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक भारतीय नागरिक आणि दुसरा परदेशी. जीव वाचवायला रात्रीत सीमा ओलांडून आलेली बाई आणि व्हिसा संपल्यावरही इथेच राहिलेला टुरिस्ट, दोघंही कागदावर एकाच खान्यात जातात.

मग निर्वासित कोण, हे ठरवतं कोण?

दोन वेगळ्या वाटा आहेत. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचं सगळं सरकार स्वतः बघतं, म्हणजे नोंदणी, कॅम्प, अनुदान वगैरे. बाकीचे, म्हणजे अफगाण, म्यानमारचे, सोमालियाचे वगैरे, यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यूएनएचसीआर करते, तिचं दिल्लीत १९८१ पासून ऑफिस आहे. मुलाखत होते, केस तपासतात, मग कार्ड मिळतं. पण त्या कार्डाला भारतीय कायद्यात पक्की जागा नाही. एखादा पोलीस अधिकारी ते बघून सोडून देतो, दुसरा म्हणतो मला हे माहीत नाही, व्हिसा दाखव.

२९ डिसेंबर २०११ ला गृहमंत्रालयाने एक कार्यपद्धती काढली होती. कुणी म्हणालं की मी निर्वासित आहे, तर चौकशी करायची आणि धर्म, वंश, राजकीय मत वगैरे कारणांनी छळाची भीती खरी वाटली तर लॉंग टर्म व्हिसा द्यायचा. चांगली गोष्ट होती, पण ती फक्त सूचना आहे, कायदा नाही, आणि सूचना एका पत्राने बदलता येते.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही का नाही केली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोकांना वाटतं की काहीतरी गुपित असेल. गुपित काही नाही, पण कारणं त्या वेळच्या परिस्थितीत जाऊन समजून घ्यावी लागतात.

करार २८ जुलै १९५१ ला जिनिव्हात मंजूर झाला, तेव्हा त्याची नजर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपवर होती, १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांमुळे उखडलेल्या लोकांपुरताच तो होता. आणि आपल्याकडे त्याच वेळी फाळणीने उखडलेली लाखो कुटुंबं कॅम्पांमध्ये पडली होती, त्यांच्यासाठी त्या करारात काहीच नव्हतं. वरून शीतयुद्ध सुरू झालेलं, आणि रशियाच्या बाजूच्या देशांतून पळून पश्चिमेकडे येणाऱ्यांना आसरा देण्याचं हे हत्यार आहे असं दिल्लीत वाटायचं, अलिप्त राहायचं ठरवलेल्या देशाला ते नको होतं. १९६७ च्या प्रोटोकॉलने तारखेची आणि युरोपची अट काढली, पण तोवर आपली भूमिका घट्ट झाली होती. पुढे १९७१ आलं, आपण एकट्याने एवढं मोठं ओझं उचललं, आणि जगाने पाहिजे तसा हात दिला नाही ही भावना दिल्लीत पक्की बसली.

शिवाय सुरक्षेचं कारण आहेच. आपल्या सीमा लांब आहेत, बऱ्याच ठिकाणी मोकळ्या आहेत, आणि सही केली की कुणाला ठेवायचं यावर बाहेरच्यांचं लक्ष राहणार हे कुठल्याच पक्षाच्या सरकारला आवडलेलं नाही. काँग्रेसला नाही आणि भाजपलाही नाही. शेजारी बघाल तर पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान यांनीही सही केलेली नाही. दक्षिण आशियात अफगाणिस्तान एकटा आत आहे, आणि तिथूनच लोक बाहेर पळतायत.

पण खरी विसंगती ही आहे की १९९५ पासून भारत यूएनएचसीआरच्या कार्यकारी समितीत बसतो, आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निर्वासितांबद्दलच्या जागतिक कराराच्या बाजूने मतही दिलं. बाहेर तत्त्व मान्य आणि घरात कायदा नाही, हे किती दिवस चालणार?

सही नाही म्हणजे सरकार कुणालाही परत पाठवू शकतं का?

इथे कोर्टांनी काही प्रमाणात भिंत बांधलीय, पण ती सगळीकडे सारख्या उंचीची नाही.

संविधानातलं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आणि कलम १४, म्हणजे कायद्यापुढे समानता, हे फक्त नागरिकांसाठी नाहीत, प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. १९९६ ची केस घ्या. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा लोकांना तिथल्या संघटना राज्य सोडून जा अशा धमक्या देत होत्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्य सरकारचं काम आहे. गुजरात हायकोर्टाने १९९८ मध्ये इराकी निर्वासितांच्या केसमध्ये म्हटलं की जिथे जिवाला धोका आहे तिथे परत ढकलू नये हे तत्त्व कलम २१ मध्येच येतं. मे २०२१ मध्ये मणिपूर हायकोर्टाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवास करू द्या असा आदेश दिला.

आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ८ एप्रिल २०२१ ला, जम्मूत पकडलेल्या रोहिंग्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कलम १४ आणि २१ सगळ्यांना आहे खरं, पण देशात राहण्याचा हक्क कलम १९ मधला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, त्यामुळे ठरलेली प्रक्रिया पाळून परत पाठवता येईल. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन माणसाच्या केसमध्ये तर भारत म्हणजे धर्मशाळा नाही असं कोर्टात तोंडी म्हटलं गेलं. म्हणजे कुठल्या कोर्टात, कुठल्या खंडपीठापुढे केस लागते यावर सगळं आलं. सामान्य माणसाने कशाच्या भरवशावर राहायचं?

१९७१ ला एक कोटी लोक आले तेव्हा पैसा कुठून उभा केला?

हे आपल्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. युद्धाबद्दल भरपूर, कॅम्पांबद्दल जवळजवळ नाहीच.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली आणि डिसेंबरपर्यंत सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास ९९ लाख लोक भारतात आले. त्यातले साधारण ६८ लाख आठशेच्या वर कॅम्पांमध्ये होते आणि ३१ लाख नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसाम भरून वाहत होते, काहींना रायपूरजवळच्या माना कॅम्पपर्यंत आणावं लागलं. कॉलरा पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा समन्वय यूएनएचसीआरकडे होता, प्रमुख होते सद्रुद्दीन आगाखान. बाहेरून मदत आली, पण खर्चाचा मोठा भाग भारतालाच उचलावा लागला.

तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हा भार पेलायला खास कर लावले, रेल्वेच्या आणि देशांतर्गत विमानाच्या तिकिटावर, आणि टपालावरसुद्धा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं जादा तिकीट चिकटवायचं. घाई एवढी होती की कुटुंबनियोजनाचं जे ५ पैशांचं तिकीट चालू होतं त्याच्यावरच नाशिकच्या छापखान्यात ‘रेफ्युजी रिलीफ’ असा शिक्का छापून ते वापरात आणलं, आणि तेही पुरलं नाही म्हणून कितीतरी शहरांत पोस्टवाल्यांनी हाताने रबरी शिक्के मारून तिकिटं तयार केली. हा कर १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालला. जुनी पत्रं जपून ठेवलेली असतील घरात तर बघा, बारीकसं लाल तिकीट सापडेल, आई-आजोबांनी दर पत्रामागे पाच पैसे दिलेत त्या लोकांसाठी आणि कुणी कुरकुर केल्याचं मी तरी घरात ऐकलेलं नाही.

युद्ध संपल्यावर जानेवारी १९७२ पासून लोक परत जायला लागले आणि मार्च संपेपर्यंत जवळपास सगळे गेले. एवढं सगळं कायद्याशिवाय झालं, म्हणून सरकारी माणसं आजही म्हणतात की कायदा कशाला हवा. पण ते शक्य झालं कारण तेव्हा दिल्लीची इच्छा होती. इच्छा नसते तेव्हा काय होतं ते खाली रोहिंग्यांच्या प्रश्नात आहे.

तिबेटी लोकांना वेगळी वागणूक का?

कारण १९५९ ला नेहरूंनी तसं ठरवलं. ३१ मार्च १९५९ ला दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक आले, आणि सरकारने जमिनी देऊन वसाहती उभ्या केल्या, कर्नाटकातली बैलकुप्पे सगळ्यांना माहीत आहे. पण महाराष्ट्रातही एक आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या पलीकडे गोठणगावजवळ नोर्गेलिंग नावाची वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, म्हणून तिबेटी लोक अजून तिला भंडाराच म्हणतात. बर्फाच्या डोंगरातली माणसं विदर्भाच्या उन्हाळ्यात येऊन भातशेती करायला शिकली, आणि थंडी आली की स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. पुण्यात, नागपुरात दिवाळीनंतर जे तिबेटी स्वेटरचे स्टॉल लागतात ते बहुतेक अशाच वसाहतींमधल्या लोकांचे.

पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकार वसाहतींच्या कामकाजासाठी दलाई लामांच्या तिबेटी मदत समितीला वर्षाला ८ कोटी देतं, २०१५-१६ पासून पाच वर्षांसाठी ४० कोटी असं ते सुरू झालं आणि पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवलं. ३६ वसाहतींना मिळून ८ कोटी, म्हणजे ऑफिसं चालतील एवढंच. २०१४ च्या पुनर्वसन धोरणाने जमिनीचा भाडेपट्टा, रेशन, सरकारी योजनांचा लाभ वगैरे राज्यांना द्यायला सांगितलं, पण राज्यावर ते बंधन नाही, काही राज्यांनी केलं, काहींनी फाइल बाजूला ठेवली.

कागद मात्र तेच. भारतात जन्मलेल्या तिबेटी पोराकडेही रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असतं, ते ठरलेल्या मुदतीने रिन्यू करायचं, परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळ्या रंगाचं ओळखपत्राचं पुस्तक असतं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेला प्रत्येकजण कायद्याने भारतीय नागरिक आहे, तिबेटीसुद्धा, पण हे मान्य करून घ्यायला २०१० मध्ये एका तरुणीला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं.

श्रीलंकन तमिळ अजून कॅम्पातच आहेत?

हो. १९८३ च्या जुलैमधल्या दंगलींनंतर जे यायला लागले त्यांची नातवंडं आता कॅम्पात मोठी होतायत. तामिळनाडूत शंभरच्या वर कॅम्प आहेत आणि त्यात ५० हजारांहून जास्त लोक, बाहेर राहणारे वेगळे. १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली आणि एका रात्रीत सगळ्यांकडे संशयाने बघायला लागले, त्यानंतर बऱ्याच जणांना परत पाठवलं गेलं.

घरटी महिन्याला रोख मदत मिळते, शिवाय स्वस्त तांदूळ. खर्च राज्य करतं आणि केंद्र भरून देतं. २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने ३१७ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पडकी घरं नवीन बांधायला, पोरांच्या शिक्षणाला, आणि रोख मदतही वाढवली, कुटुंबप्रमुखाला १ हजारावरून दीड हजार. कॅम्पचं नावही पुनर्वसन कॅम्प केलं. पण इंजिनिअर झालेला मुलगा कंपनीत मुलाखतीला गेला की नागरिकत्वाच्या रकान्यात येऊन अडकतो, हे पॅकेजने सुटत नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली, म्हणजे बेकायदा राहिल्याची शिक्षा नाही. मोठा दिलासा आहे, पण नागरिकत्व नव्हे.

सीएए म्हणजेच निर्वासितांचा कायदा ना?

नाही, आणि हा गोंधळ मुद्दाम केला जातो की काय असं वाटतं. सीएए २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ ला आले. तो नागरिकत्वाचा कायदा आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना नागरिकत्व लवकर मिळतं, अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांत. छळ झाला का, किती झाला, याची तपासणी त्यात नाही. आणि कोण बाहेर राहिलं बघा: श्रीलंकन तमिळ, ज्यात हिंदू खूप आहेत, म्यानमारच्या चिन जमातीचे ख्रिश्चन, तिबेटी बौद्ध, आणि पाकिस्तानातले अहमदिया, अफगाण हजारा असे तिथे छळले जाणारे गट. पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांना फायदा झाला, त्यांना तो मिळायलाच हवा होता, वर्षानुवर्षं ते ऑफिसच्या फेऱ्या मारत होते. माझा आक्षेप त्यांना मिळाल्याबद्दल अजिबात नाही, माझा आक्षेप असा की छळ सगळ्यांचा सारखाच दुखतो आणि कायद्याने देश आणि धर्म बघून दार उघडलं.

रोहिंग्यांबद्दल सरकारची भूमिका नक्की काय आहे?

देशाच्या आत एक आणि बाहेर दुसरी.

आत बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की साधारण ४० हजार रोहिंग्या देशात आहेत आणि त्यांना परत पाठवणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसाममधल्या तुरुंगात असलेल्या सात जणांना म्यानमारच्या ताब्यात दिलं, तेही राखाइनमध्ये, म्हणजे म्यानमारमधल्या रोहिंग्यांच्या प्रांतात, काय चाललंय हे सगळ्या जगाला माहीत असताना. जम्मू, हैदराबाद, दिल्ली, नूह इथल्या झोपड्यांत राहणारे बरेच यूएनएचसीआरचे कार्डधारक आहेत, कार्ड असूनही उचलले गेलेत. मे २०२५ मध्ये काही रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात नौदलाच्या जहाजावरून उतरवून दिल्याचे आरोप झाले, संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयक विशेष प्रतिनिधींनी चौकशी सुरू केली.

आता बाहेर बघा. त्याच २०१७ मध्ये, परत पाठवणार म्हणून संसदेत सांगितल्यावर जेमतेम सव्वा महिन्यात, भारताने ‘ऑपरेशन इन्सानियत’ सुरू केलं. १४ सप्टेंबरला हवाई दलाच्या विमानाने ५३ टन सामान चितगावला उतरवलं, तांदूळ, डाळ, साखर, मीठ, तेल, चहा, बिस्किटं, मच्छरदाण्या, बांगलादेशातल्या रोहिंग्या कॅम्पांसाठी. डिसेंबर २०१७ मध्ये म्यानमारशी करार करून राखाइनसाठी पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर द्यायचं ठरलं आणि त्यातून २५० तयार घरं उभी करून जुलै २०१९ मध्ये म्यानमार सरकारला दिली, रोहिंग्यांना परत येऊन राहता यावं म्हणून.

मदत खरी होती, त्यात मला काही वावगं दिसत नाही, उलट अभिमान वाटतो. पण यातून धोरण स्पष्ट दिसतं की सरकार पैसा खर्च करायला तयार आहे, माणूस सीमेपलीकडे असेल तोवर. तोच माणूस दिल्लीतल्या मदनपूर खादरमध्ये आला की त्याच्यासाठी एक मच्छरदाणीसुद्धा सरकारी तिजोरीतून सहज निघत नाही. २५० घरं सात लाख लोकांना पुरणार नव्हती हे तर उघडच होतं, आणि फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर परत जायचा प्रश्नच उरला नाही.

राज्य सरकार यात काही करू शकतं का?

कायद्याने नाही, परदेशी नागरिक हा केंद्राचा विषय आहे. प्रत्यक्षात मात्र खूप काही करतं, मिझोरमने करून दाखवलं.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक सीमा ओलांडून मिझोरममध्ये यायला लागले. १० मार्चला गृहमंत्रालयाने ईशान्येच्या चार राज्यांना पत्र पाठवलं: आत येऊ देऊ नका, आलेल्यांना शोधून परत पाठवा, कुणालाही निर्वासितांचा दर्जा द्यायचा राज्यांना अधिकार नाही. शेजारच्या मणिपूरने त्यावर जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं की या लोकांना जेवण-निवारा देणारे कॅम्प उघडू नका, नम्रपणे परत पाठवा. एवढा ओरडा झाला की काही दिवसांत ते पत्र मागे घ्यावं लागलं. मिझोरमच्या मुख्यमंत्र्यांनी, झोरामथांगांनी, सरळ पंतप्रधानांना लिहिलं की हे आमचे भाऊबंद आहेत, आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. यंग मिझो असोसिएशन आणि चर्चने वर्गणी काढली, गावागावांत तांदूळ गोळा केला, शाळांनी पोरांना दाखल करून घेतलं. तीस हजारांहून जास्त लोक त्या छोट्या राज्याने सांभाळले, ज्याची स्वतःची तिजोरी दिल्लीच्या पैशावर चालते.

भारत यूएनएचसीआरला किती पैसे देतो?

मोठ्या देणगीदारांत भारताचं नाव नाही. ही संस्था जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते, संयुक्त राष्ट्रांच्या नेहमीच्या बजेटमधून अगदी थोडं येतं, त्यामुळे अमेरिकेसारख्या एकाच देशाने हात आखडला की सगळीकडचं रेशन कमी होतं, २०२५ मध्ये तेच झालं. सरकारचं म्हणणं असं की आम्ही लोकांना थेट सांभाळतो, तीच आमची वर्गणी. त्यात तथ्य आहे.

पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संस्थेला, यूएनआरडब्ल्यूएला, मात्र ठरलेली रक्कम जाते. आधी वर्षाला साडेबारा लाख डॉलर होते, २०१८ पासून ५० लाख. २०२४ मध्ये बऱ्याच पाश्चात्त्य देशांनी त्या संस्थेचे पैसे थांबवले होते, भारताने त्या वर्षी दोन हप्त्यांत पूर्ण ५० लाख दिले.

परराष्ट्र खात्याच्या बजेटमधली मदत निर्वासितांसाठीच असते ना?

नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये परराष्ट्र खात्याला २० हजार ५१६ कोटी होते. त्यात भूतानला २१५०, नेपाळला ७००, मालदीवला ६००, मॉरिशसला ५००, म्यानमारला ३५०, श्रीलंकेला ३००, बांगलादेशला १२० आणि अफगाणिस्तानला १०० कोटी. हे वीजप्रकल्प, रस्ते, रेल्वे, हॉस्पिटलं यांचे पैसे. शेजारी आपल्या बाजूला राहावा, चीनकडे झुकू नये, हा त्यामागचा विचार, आणि मला तो चुकीचा वाटत नाही.

पण भूतानचं एक सांगायलाच हवं, कारण ते कुणी सांगत नाही. १९९० च्या सुमाराला भूतानने आपल्या नेपाळीभाषक नागरिकांना, लोत्सांपांना, देशाबाहेर काढलं, एक लाखाच्या वर लोक. ते भारताच्या हद्दीतून पुढे नेपाळमधल्या झापाच्या कॅम्पांत गेले, कारण भूतान आणि नेपाळची सीमा कुठे लागतच नाही, मध्ये भारत आहे. भारताने हा त्या दोघांचा आपसातला प्रश्न म्हणून अंग काढून घेतलं. ती माणसं सतरा-अठरा वर्षं बांबूच्या झोपड्यांत राहिली आणि २००७ नंतर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी त्यातल्या बहुतेकांना नेलं. सगळ्यात जास्त मदत ज्या देशाला देतो त्याला एक शब्द विचारता आला नसता का?

अफगाणांसाठी काय केलं?

गहू भरपूर दिला. तालिबान आल्यावर ५० हजार टनांचं वचन होतं, पहिले ट्रक २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून पाकिस्तानमार्गे जलालाबादकडे निघाले, वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाने केलं. माणसांचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन ई-व्हिसा जाहीर केला आणि लगोलग, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. पुण्यात शिकणारी अफगाण मुलं-मुली सुट्टीला घरी गेलेली होती ती तिथेच अडकली. भारत सरकारच्या आयसीसीआर या संस्थेची स्कॉलरशिप, कॉलेजात अॅडमिशन, सगळं हातात, पण यायचा रस्ता बंद. मुलींचं तर पुढे तिथे विद्यापीठच बंद झालं. पुण्याने त्यांच्यासाठी मोठा आवाज उठवायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.

महाराष्ट्रात आणखी कुठे निर्वासित वसले?

उल्हासनगर सगळ्यांना माहीत आहे, कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर लाखभर सिंधी आले, १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराचं नाव ठेवलं, अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच म्हणतात. गडचिरोलीत मूलचेरा, चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांची गावं आहेत.

आणि कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथे जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका-मुलं, स्टालिनच्या छळछावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, हॉस्पिटल सगळं त्या कॅम्पात होतं, खर्च लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार करायचं. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आज तिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली.

आपल्याच लोकांना पुरत नाही, बाहेरच्यांना कशाला?

प्रश्न रागाने विचारला जातो पण चुकीचा नाही, गरीब माणसाला तो पडणारच. माझं उत्तर असं की खर्च आपण आत्ताही करतोच, फक्त वाईट पद्धतीने. लोकांना डिटेन्शन सेंटरमध्ये वर्षानुवर्षं ठेवायला पैसा लागतो, कोर्टकचेरीला लागतो, पोलिसांच्या तपासाला लागतो. त्याऐवजी नोंदणी करून काम करायची परवानगी दिली तर तो माणूस स्वतःचं पोट स्वतः भरेल, आणि कोण कुठून आलंय हे सरकारलाही नीट कळेल. सुरक्षेची काळजी ज्यांना खरंच आहे त्यांनी तर कायद्याचा जास्त आग्रह धरायला हवा, कारण नोंद नसलेल्या माणसावर लक्ष ठेवता येत नाही.

श्रीमंत देश तरी कुठे नीट वागतात?

नाहीच वागत. ब्रिटनने २०२३ मध्ये आपल्या परदेशी मदतीच्या बजेटमधला चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा स्वतःच्याच देशात आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलांवर वगैरे खर्च केला, आणि नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाचा तो खर्च मदत म्हणून धरता येतो. अमेरिकेने २०२६ या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांची मर्यादा साडेसात हजारांवर आणली. २०२४ च्या शेवटी जगभरात १२ कोटींहून जास्त लोक घरादारातून हाकलले गेलेले होते, आणि निर्वासितांतले बहुतेक गरीब आणि मध्यम देशांतच आहेत. पण त्यांनी दार लावलं म्हणून आपण कायदा करू नये हे कारण होऊ शकत नाही.

कायदा करायचा प्रयत्न कुणी केलाच नाही का?

केला. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये दक्षिण आशियासाठी नमुना कायदा तयार झाला. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि नंतर पुन्हा लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकाचं जे होतं तेच झालं, पास झालं नाही. खरं तर फार काही लागत नाही: अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत निर्णय, नाकारलं तर अपील कुणाकडे, तोवर अटक नाही, पोरांना शाळा आणि मोठ्यांना काम. देश आणि धर्म न बघता प्रत्येकाची केस तपासायची, ज्याचं खोटं निघेल त्याला नियमाने परत पाठवा, माझी हरकत नाही.

माझ्या ओळखीत असं कुणी असेल तर काय करायचं?

लॉंग टर्म व्हिसा असेल तर मुदत संपायच्या आधी ऑनलाइन एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसच्या, पोर्टलवर रिन्यूचा अर्ज टाकायला सांगा, उशीर झाला की सगळंच अडतं. तुम्ही हॉटेल, होमस्टे चालवत असाल तर परदेशी पाहुण्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर भरावी लागते, त्यात लपवाछपवी करू नका, त्रास त्यालाच होतो. पोरांच्या शाळेसाठी कागद नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं तर शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे मुख्याध्यापकांना दाखवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रोहिंग्या मुलांनीही आधी सरकारी शाळेकडे जावं आणि नाकारलं तर हायकोर्टात यावं असं सांगितलंय. अटक झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, कोठडीत असलेल्याला आणि बाई किंवा लहान मूल असेल तर उत्पन्न न बघता, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, यूएनएचसीआरचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स सोबत घेऊन जा.